घर सुस्थितीत आहे

आमच्या गावापासून समुद्र किती लांब आहे हे मला ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं, कारण तिकडे जायचं कुणाला कधी काम पडलं नाही. गडचिरोली जिल्ह्यात आष्टीच्या पुढे डांबरी रस्त्यावरून आत वळलं की धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामागे जंगल, एवढंच आमचं गाव. तरीही त्या वैशाखात बंगालच्या उपसागरात उठलेलं चक्रीवादळ आंध्र, तेलंगणा करत आमच्यापर्यंत आलं. येईतो त्याचा जोर ओसरला होता असं बातम्यांत सांगत होते. त्या ओसरलेल्या जोरानं माझ्या मायच्या घरावरची कौलं, आमच्याकडचे कवेलू, नेले.

मी बल्लारपूरला राहते, शाळेत मराठी शिकवते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी मायला फोन लावला.

"काई नाई वो. जरासा वारा आला होता, गेला," ती म्हणाली. "तू जेवली का?"

मग मी शेजारच्या काकीला फोन लावला. आमच्या मायच्या बाबतीत खरं काय ते कळायला दुसरा फोन लावावा लागतो.

"तुझी माय काई सांगत नाई बाई," काकी म्हणाली. "कवेलू पापडावानी उडाले. अर्धा घर उघडा पडला. मयाल तडकला हाये तो वेगळाच."

मयाल म्हणजे घराच्या मधोमध आडवी असते ती मोठी तुळई. कवेलू गेले तर नवे घालता येतात, मयाल गेला तर घरच गेलं. आणि वैशाख संपला की आमच्याकडे पाऊस लागायला वेळ लागत नाही.

आता कुणी म्हणेल, पगारदार लेक आहे, तिनं घर शाकारून द्यावं. मीही तेच म्हटलं होतं, वर्षानुवर्षं म्हणत होते. पण मायचा कायदा पक्का होता. लेकीच्या पैशानं घराला हात लावायचा नाही. वडील गेल्यापासून ती एकटी राहत होती, मी एकुलती एक, आणि तरीही माझ्याकडून साडीसुद्धा दिवाळीशिवाय घ्यायची नाही. "तुया घरचा पानी पितो तेच लई हाये," असं तिचं म्हणणं. यात 'तुया घरचा' म्हणजे जावयाच्या घरचा. माझा नवरा बिचारा गरीब गाय. त्याला या कायद्याचा पत्ताही नव्हता.

"मग सरकारचे घेशील?" मी फोनवर विचारलं.

"सरकार काई जावई हाये का?" ती म्हणाली.

म्हणजे घेईल. मग मी माझी अट सांगितली. सरकारी मदतीतून पावसाआधी मयाल आणि कवेलू झाले तर तू गावात राहा. नाही झाले तर मुकाट्यानं बल्लारपूरला चल. तडकलेल्या मयालाखाली तुला पावसाळा काढू देणार नाही. हे मी शाळेतल्या आवाजात सांगितलं. माय म्हणाली, "पाहू." लेकीच्या घरी कायमचं जाऊन राहण्यापेक्षा ती मयालाखाली गाडली जाणं पसंत करेल, हे मला त्या एका शब्दात ऐकू आलं. म्हणून मी अर्जाच्या मागे लागले.

तालुक्याच्या कचेरीतला बाबू सज्जन होता. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग होता आणि पंखा त्या ढिगाकडे तोंड करून होता, त्यामुळे त्याचा एक हात कायम कागदांवर असायचा. उरलेल्या हातानं त्यानं मला नमुना दिला. नमुना बहुधा कोकणातून आला असावा. त्यात नारळाची झाडं किती पडली, सुपारीची किती पडली, होडी पूर्ण फुटली की अंशतः, जाळं वाहून गेलं का, असे रकाने होते.

"इथे काय लिहू?" मी विचारलं.

"निरंक लिवा," तो म्हणाला.

मी नारळ निरंक, सुपारी निरंक, होडी निरंक, जाळं निरंक असं लिहीत गेले. अगदी खाली, पान संपता संपता, घर आलं.

"आता साहेब येतील, पंचनामा करतील," बाबू म्हणाला. "घरचं मानूस घरी पायजे फक्त."

त्या दिवशी रस्त्यावर झाडं आडवी होती, गावाकडची बस बंद होती. मी तशीच बल्लारपूरला परतले आणि फोनवर मायला सगळं समजावून सांगितलं. परवा तलाठी साहेब येतील. घरीच राहा. कुठे मोहाचे टोळ वेचायला वगैरे जाऊ नको.

"घरी येतीन? आपल्या घरी?"

"हो."

"आतमंदी?"

"आत येतील, वर पाहतील, भिंती पाहतील, सगळं पाहतील," मी म्हटलं. तिला धीर यावा म्हणून म्हटलं.

मग ती म्हणाली, "बरा झाला सांगतली तं."

इथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी मराठीची शिक्षिका आहे, वाक्याचा अर्थ वाक्यात शोधायची मला सवय आहे.

पंचनाम्याच्या दिवशी मी पहिल्या बसनं निघाले. आष्टीला उतरल्यावर नेहमीप्रमाणे मायला फोन केला. हा तिचा दुसरा कायदा. "आष्टीले पोचली का फोन करजो," हे ती लग्न झाल्यापासून दरवेळी सांगत आली. काळजी करते बिचारी, असं मी नवऱ्याला सांगायची.

गल्लीत वळले आणि मला वाटलं आपण दुसऱ्याच गल्लीत आलो. अंगणात शेणाचा सडा पडलेला. दारापुढे रांगोळी. भिंती नुकत्या सारवलेल्या, ओल्याच होत्या. आणि घरावर कवेलू. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही जागा रिकामी नाही. माझ्या आठवणीत त्या घरावर इतके कवेलू कधीच नव्हते.

फक्त रंग एक नव्हता. काही लालबुंद, काही चुलीच्या धुरानं काळे, काही शेवाळलेले हिरवे. गोधडीला ठिगळं असावीत तसं ते छप्पर दिसत होतं. माझ्याशी काकी बोलली तेव्हा मला उलगडा झाला. मायनं गावात सांगितलं होतं, साहेब येणार आहेत, वर पाहणार आहेत. मग ज्याच्या परसात जास्तीचे कवेलू रचून ठेवले होते त्यानं ते दिले. ज्याच्याकडे नव्हते त्यानं शेळ्यांच्या कोठ्यावरचे काढून दिले. समोरचे भाऊ, जे गावातली सगळी सुतारकी करतात, त्यांनी तडकलेल्या मयालाला दोर बांधला आणि खालून टेकू म्हणून एक थूण लावली. थूण दिसू नये म्हणून तिच्यावर देवादिकांचं कॅलेंडर लावलं.

"कसा दिसते?" काकीनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या बाईसारखा आनंद होता.

मी काही बोलायच्या आत तलाठी साहेब आले. तरुण होते, मोटरसायकलवरून आले, डोक्याला गमछा बांधलेला. आधीच्या गावात त्यांनी म्हणे फक्त पडलेली घरं पाहिली होती. आमच्या अंगणात रांगोळी पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या.

मायनं त्यांना निळ्या खुर्चीवर बसवलं. ही प्लास्टिकची निळी खुर्ची आमच्या घरातली मानाची जागा. मी माहेरी गेले की तीच पुढे यायची. बाजेवर फुलाफुलांची चादर, स्टीलच्या पेल्यात पाणी, कपबशीत चहा. साहेबांनी चहा घेतला. मग त्यांनी कागद काढला.

"मावशी, नुकसान काय काय झालं?"

"नुकसान?" माय म्हणाली. जणू तिला कुणी भलतंच विचारलं. "काई नाई साहेब. देवाच्या दयेनं सारा बरा हाये."

"माय!" मी म्हटलं.

"घर बरा हाये साहेब," ती म्हणाली.

आमच्या झाडीच्या बोलीत नपुंसकलिंग चालत नाही. घर तो, झाड तो, पानीसुद्धा तो. वर्गात पोरांनी 'घर बरा' लिहिलं की मी त्याखाली लाल रेघ मारते. त्या दिवशी मारता आली नाही.

मी साहेबांना बाहेर नेलं. वर बघा म्हटलं, हे कवेलू या घरचे नाहीत, रंग बघा. साहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, मला समजते. पन पंचनामा डोळ्याले दिसते त्याचा असते. छप्पर तं आहे."

"आत या, मयाल बघा. कॅलेंडर बाजूला करा."

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर लक्ष्मी होती. लक्ष्मीला बाजूला सारून मागे काय आहे ते बघायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि माय तर हात जोडून तिथेच उभी होती. शेवटी साहेबांनी लिहिलं, 'घर सुस्थितीत आहे.' पंच म्हणून काकीनं आणि समोरच्या भाऊंनी सह्या केल्या. म्हणजे ज्यांनी कवेलू दिले त्यांनीच लिहून दिलं की कवेलू गेलेच नव्हते. दोघांनी सह्या फार जपून, वळण काढत केल्या. साहेब गेल्यावर भाऊ म्हणाले, "झाला बाई तुझ्या मायचा काम. नाक राह्यला."

"काम झालं नाही भाऊ, काम बिघडलं!" मी ओरडले. "आता एक पैसा मिळणार नाही. मयाल टिकेल का पावसाला?"

भाऊंनी कॅलेंडरकडे पाहिलं. "नाई टिकत," ते शांतपणे म्हणाले.

मला इतका राग आला होता की मी निळ्या खुर्चीवर बसलेच नाही. मायला म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची हे मुठीपुरतं ठीक आहे. पण उघडी करायला सांगितली तेव्हा तरी उघडायची. हे तू का केलंस?

ती चहाच्या कपबश्या विसळत होती. वर न बघता म्हणाली, "लोक पाहाले येनार, न् घर तसाच ठेवाचा? मानूस मेला तरी त्याले आंघोळ घालून नेते."

मी कपबश्या पुसायला घेतल्या.

पुन्हा तालुक्याला गेले. बाबूनं मला ओळखलं. मी फेरपंचनाम्याचा अर्ज पुढे केला. त्यानं वाचला आणि पंख्याकडे बघितलं.

"तक्रार कोनाविरुद्ध आहे?"

"माझ्या आईविरुद्ध."

"तिनं काय केलं?"

"नुकसान लपवलं."

बाबूनं हातातला कागद खाली ठेवला, तेव्हा ढिगातले दोन-चार कागद उडाले. ते गोळा करून झाल्यावर त्यानं मला प्रेमानं समजावलं. नुकसान नसताना दाखवलं तर काय करायचं त्याची तरतूद आहे. पैसे वसूल करता येतात, गुन्हा नोंदवता येतो. नुकसान असताना दाखवलं नाही तर काय, याची तरतूद नाही. असं आजवर कुणी केलेलंच नाही.

"मग आता?"

"साहेबांना सांगतो, पुन्हा पाहून घेतीन," तो म्हणाला. "पन बाई, या वेळी घर वादळानं ठेवलं तसंच ठेवा. इतकं कळवा मायले."

मी कळवलं नाही, आदल्या दिवशी स्वतः गेले. आष्टीहून फोन केला, घरी पोचले, निळ्या खुर्चीवर बसले आणि हुकूम सोडला. आज कवेलू उतरवायचे. ज्याचे त्याला परत. उद्या साहेबांना उघडं घर दिसलं पाहिजे.

कुणी हललं नाही. अंगणात सगळे जमले होते, पण शिडीला कुणी हात लावेना.

"भाऊ, तुम्ही चढवले, तुम्हीच उतरवा," मी म्हटलं.

भाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "चढवलेला कवेलू असा उतरवत नाई बाई. घर सुना पडला, दिवा लावाले कोनी राह्यला नाई, मगच कवेलू काढते. तुझी माय जित्ती हाये ना."

"पण हे कवेलू तर तुमचे आहेत!"

"आता तिच्या घरावर हायेत," काकी म्हणाली. "तिच्या डोक्यावरचा कवेलू मी काढू? न् उद्या तिले काई झाला तं?"

मी म्हटलं, मी काढते. खरंच शिडी लावली, पदर खोचला. चौथ्या पायरीवर चढले आणि वळून पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माय दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी पहिल्या कवेलूला हात लावला. धुरानं काळा झालेला, कुणाच्या तरी चुलीवर आयुष्य काढलेला होता. तो माझ्यानं उचलला नाही. मी पदवीधर आहे, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी नाही उचलला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी येऊन वर पाहिलं, खाली पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी आपलं आपणच कॅलेंडर थोडं वर उचललं, मागची थूण पाहिली, दोर पाहिला आणि कॅलेंडर पुन्हा सरळ लावून दिलं. "मावशी, हे कमी पडते हो," ते म्हणाले. "छप्पर उडालं असतं तर काही करता आलं असतं." मग चहा पिऊन त्यांनी लिहिलं, 'पुनर्तपासणी केली. घर सुस्थितीत आहे.' जाताना मायच्या पाया पडले. सरकारकडून तिला मिळालेली मदत ती एवढीच.

मग अट शिल्लक राहिली. मी मायला तिची आठवण करून दिली. वाटलं होतं भांडेल, रडेल. ती म्हणाली, "येईन. अट म्हन्जे अट. शनिवारी ये घ्याले." आणि कोंबड्या झाकायला निघून गेली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. बसमध्ये मला नुसतं वाईट वाटत राहिलं.

सुटीतलं शिक्षकांचं प्रशिक्षण शुक्रवारी अचानक रद्द झालं. आमच्या शाळेतले एक सर गाडीनं आलापल्लीला निघाले होते, त्यांनी मला गावाच्या फाट्यावर सोडलं. मी मायला फोन केला नाही. केला असता तर तिनं काहीतरी कारण काढलं असतं, कोंबडी आजारी आहे, काकीकडे काम आहे, असं काहीतरी. म्हटलं, थेट जाऊन उभी राहते.

लग्नानंतर माहेरी फोन न करता गेले, असं तोवर एकदाही झालं नव्हतं. हे तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आलं.

गल्लीत शिरले तर आधी काकीचं घर लागलं. तिच्या ओसरीवर निळी खुर्ची होती. खुर्चीवर काकीचा नातू बसून बिस्किट खात होता. मला वाटलं, आमची खुर्ची इथे कशी? मग खुर्चीच्या पाठीवर मागच्या बाजूला रंगानं लिहिलेलं काकीच्या घरचं आडनाव दिसलं. रंग जुना होता, अर्धा उडालेला. इतकी वर्षं मी त्या खुर्चीला पाठ टेकून बसले आणि पाठीमागे काय लिहिलंय ते कधी पाहिलं नाही. पुढच्या घरी दोरीवर फुलाफुलांची चादर वाळत होती. आमची बाज भाऊंच्या अंगणात उभी करून ठेवलेली होती, म्हणजे ती भाऊंचीच बाज होती.

मायच्या घराचं दार उघडं होतं. मी अंगणाबाहेरच्या चिंचेच्या झाडाआडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. एक पत्र्याची पेटी, चूल, चार भांडी. मागच्या भिंतीचा कोपरा खचला होता, तिथे बांबूची ताटी लावली होती, आणि खचलेल्या मातीवर गवत वाढून वाळलं होतं. ते वादळातलं नव्हतं. ते निदान दोन पावसाळ्यांचं होतं. त्या जागी नेहमी कपाट असायचं. ते कपाट कुणाचं होतं ते मला अजून माहीत नाही.

माय जमिनीवर पोतं टाकून बसली होती. टोळ फोडून बिया काढत होती आणि एका कोंबडीला बजावत होती, "जा तू, तुले काई नाई भेटत. जा ना वो." कोंबडी जात नव्हती. माय हसली. अंगावर जुनं लुगडं, केस मोकळे, पाय लांब सोडलेले. माझ्यासमोर ती असे पाय सोडून कधी बसली नव्हती. मला रडू आलं, आणि तिला हाक मारून ते सगळं तिथल्या तिथे संपवावं असंही वाटलं. पण तिनं मान वर केली असती आणि मी तिचं उघडं घर पाहिलंय हे तिला कळलं असतं.

म्हणजे आजवर दरवेळी मी आष्टीहून फोन करायची आणि इकडे अख्खी गल्ली कामाला लागायची. साहेब दोनदा आले. मी वर्षानुवर्षं येत होते, निळ्या खुर्चीवर बसून, इकडेतिकडे बघून, घर ठीक आहे म्हणून परत जात होते.

मी आल्या पावली मागे फिरले. फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसले. टपरीवाले काका मला ओळखतात.

"काऊन बाई, गेल्या न् परत?"

"फोन करायचा राहिला," मी म्हटलं.

त्यांनी पातेल्यातला चहा ढवळला. "हो, बिगर फोनचं नाई जमत तुमच्याकडं," ते म्हणाले. "बसा मग. एक चहा होतेच तेवढ्यात."

मी फोन लावला. "माय, मी उद्याच्याऐवजी आजच येते गं. आष्टीला पोचलेय."

"आज?" तिकडे काहीतरी सांडलं. "ये ये. बस भेटली का? हळू ये. काई घाई नाई."

टपरीवरून आमची गल्ली सरळ दिसते. चहा यायच्या आत काकी ओसरीवरून उठली. तिनं नातवाला उचलून खाली ठेवलं आणि खुर्ची डोक्यावर घेतली. मग भाऊ बाज घेऊन गेले. दोरीवरची चादर गेली. दोन गडी कपाट घेऊन गेले, वाटेत एकदा टेकवलं, एकमेकांवर ओरडले, पुन्हा उचललं. मायनं बादली घेऊन दारात सडा टाकला. मी दुसरा चहा मागितला. टपरीवाले काका गल्लीकडे पाठ करून बसले होते, मी तिकडे बघतेय हे त्यांना दिसू नये म्हणून.

तासाभरानं मी गेले. माय दारात उभी होती, नीट केस बांधून, धुतलेलं लुगडं नेसून. मी निळ्या खुर्चीवर बसले. पेल्यात पाणी आलं. खुर्चीवर बिस्किटाचा चुरा होता.

"गाठोडा बांधून ठेवला," ती म्हणाली. पेटीवर खरंच एक लहानसं गाठोडं होतं. "उद्या जाचा का आजच?"

मी वर पाहिलं. लाल, काळे, हिरवे कवेलू. लक्ष्मीचं कॅलेंडर. कपाट, जे किंचित तिरपं ठेवलं गेलं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "घर बरा हाये, माय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं पोरांच्या वहीत त्या वाक्याखाली लाल रेघ मारणारी लेक ते बोलली होती. गाठोडं सोडून तिनं त्यातलं लुगडं परत पेटीत ठेवलं.

पण मयाल तडकलेलाच होता. अटीतून मी मायला सोडलं होतं, पावसानं सोडलं नसतं. जाताना मी काकीकडे पाणी प्यायला थांबले, आणि बराच वेळ थांबले. पुढच्या आठवड्यात वनखात्याच्या डेपोतून सागाची एक तुळई निघाली. लाकूड न्यायला परवाना लागतो, त्या परवान्यावर काकीचं नाव घातलं. ती काकीच्या परसात येऊन पडली. भाऊंनी तासली. गावातून काही घेताना मायला कधी लाज वाटली नव्हती. गावाचं उसनं असतं, ते चालतं.

पाऊस लागायच्या आधी मायचा फोन आला.

"मयाल बसवला," ती म्हणाली. "काकीनं देला. म्हन्ते, माह्या परसात असाच पडला होता, तू घे, परत नको करू."

"छान झालं," मी म्हटलं.

"सागाचा हाये. सरळ, गाठ नाई कुठी. भाऊ म्हन्ते शंभर वर्षं पाहाची गरज नाई."

"काकी चांगली आहे."

"हो, लई चांगली हाये," माय म्हणाली. "तिच्या परसात मी रोज जातो ना वो, शेण आनाले. तिथी मयाल कुठून आला, तो मी नाई विचारला तिले."

"नको विचारू," मी म्हटलं.

"नाई विचारत," ती म्हणाली. "तू जेवली का?"